माझ्या मापाची बॅग

१३ जुलै, रविवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. ऑक्टोबरात हिमालय. वीरेंद्रने काल दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर पोस्टर टाकलं: उत्तराखंड, सहा दिवस, साडेबारा हजार फूट. बाकीच्यांनी नुसते अंगठे दाखवले. मी "कन्फर्म" असं लिहिलं. फरक असतो.
वीरेंद्र भंडाऱ्याला विम्याचं काम करतो. पोट सुटलंय. बाकी चौघांचंही तेच. बारीक मी एकटा. बारीक माणूस चढावर राजा असतो. बकरी बघावी.
यादी: बूट, जॅकेट, टोपी, बॅग. पहिल्या तीन गोष्टी कुठेही मिळतील. बॅग मात्र अभ्यासाचा विषय आहे. व्हिडिओतला माणूस म्हणतो, नव्वद टक्के लोक चुकीच्या मापाची बॅग घेतात आणि पाठ मोडून घेतात. मी त्यातला नाही. सानगडीत ई-सेवा केंद्र चालवतो, अर्ध्या गावाचे कागद माझ्या हातून जातात. चूक खपत नाही.
संकल्प: १ ऑगस्टच्या आत बॅग फायनल.
वजन, तांदळाच्या दुकानातल्या काट्यावर: ५६.

१४ जुलै. सकाळी ८
माप घेतलं. मान वाकवल्यावर मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत. बायकोला टेप धरायला लावला. सतरा इंच. कंबर अठ्ठावीस.
रिता म्हणाली, दिवाळीत पँट घेतली तेव्हा तीस होती. तिला समजावलं की पँटवाले आकडे फुगवतात, गिऱ्हाईक खूश राहतं.
मीडियम साइज ऑर्डर केली. विषय संपला.

२१ जुलै. दुपारी १
विषय संपला नाही. बॅग आली. निळी, पन्नास लिटर. पाठीला सुंदर. कमरेचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, बक्कल लागलं, तरी आत माझ्या दोन्ही मुठी गेल्या. नियम असा की बॅगेचं वजन कमरेवर यायला पाहिजे, खांद्यावर नाही. माझ्या बाबतीत ते कुठेच येईना. मी चाललो की बॅग मागून वेगळीच चालत होती.
आई ओसरीवर बसून बघत होती. काहून एवढा सुकून राहिला, म्हणे. आई, माणूस सुकला नाही, बॅग ढगळ आहे. 
रिटर्न.

२७ जुलै, रविवार. सकाळी ९
दुसऱ्या कंपनीची. स्मॉल. पंचेचाळीस लिटर. तोच प्रकार, दोन मुठींऐवजी दीड. या कंपन्या पैलवानांची मापं घेऊन बसल्यात. रिव्ह्यू टाकला: "सडपातळ लोकांवर अन्याय. दोन स्टार." तिघांना उपयुक्त वाटला.
ट्रेनिंग मात्र सुरू झालं आहे. ट्रेकरने पाणी भरपूर प्यावं असं सगळे सांगतात. माझं पाच लिटर आरामात होतं, जबरदस्ती करावी लागत नाही. शरीराने आपणहून मनावर घेतलंय. रात्री चार वेळा उठून मोरीत लघवीला जावं लागतं. चालायचंच.

२ ऑगस्ट. सकाळी ६.३०
डेडलाइन काल गेली. नवीन डेडलाइन १५ ऑगस्ट. राष्ट्रीय सण आहे, लक्षात राहील.
मोरीत मुंग्या झाल्यात. काळ्या, बारीक, रांगच्या रांग. रिताने साबण बदललाय, त्याच्या वासाने येत असतील. मुंग्यांचा खडू आणून रेघ मारली. मुंग्या रेघेवरून गेल्या.
आई रोज पहाटे मोरीत बादलीभर पाणी ओतते. आज बादली तशीच हातात घेऊन उभी होती. काय पाहतेस विचारलं. काही नाही म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी
तृप्तीचा वसतिगृहातून व्हिडिओ कॉल. बाबा, तुमचा चेहरा लांब दिसून राहिला, म्हणे. फोनचा कॅमेरा जुना झाला आहे, हे तिला सांगितलं. नववीतल्या मुलीला ऑप्टिक्स कळायला पाहिजे.

६ ऑगस्ट. दुपारी ४
उपाय सापडला आणि तो घरापासून दोनशे पावलांवर होता. बाजारचौकात रंभाबाई. मोटरसायकलच्या सीटा, शाळेची दप्तरं, ताडपत्र्या, सगळं शिवते. टेप वापरत नाही, वितीने मोजते. स्मॉल बॅग परत न करता तिच्याकडे नेली. तिने पट्टा माझ्या कमरेभोवती लावून पाहिला, दोन्ही बाजूंच्या गाद्या चार-चार बोटं कापल्या, पुन्हा शिवल्या. आतल्या कापडावर खडूने खूण केली.
बसली! पहिल्यांदा बॅग अंगाला लागली. कंपन्यांचे इंजिनीअर झक मारतात.

१४ ऑगस्ट. संध्याकाळी ५
सैल झाली. आठ दिवसांत. नायलॉन पावसाळ्यात ताणतं, हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. रंभाबाईकडे गेलो, शिलाई उसवली म्हणालो. तिने शिवण उलटसुलट करून पाहिली. धागा जागचा हलला नव्हता. खडूची खूण होती तिथेच होती. पुन्हा तीन-तीन बोटं कापली.
कापताना चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. कामात लक्ष नाही बाईचं.
उद्याची डेडलाइन पाळली असं समजायला हरकत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०
किल्ल्यावर प्रॅक्टिस. बॅगेत दहा किलो तांदूळ. आपला किल्ला म्हणजे काही मोठा चढ नाही, शाळेची पोरं पळत जातात. मी चार ठिकाणी थांबलो. व्ह्यू पाहायला. सगळीकडे रोवणी उरकलेल्या धानाच्या हिरव्या बांध्या, मध्ये तलाव. शेवटच्या वेळी व्ह्यू पाहताना बसावं लागलं. तीन लिटर पाणी वरच संपलं. पायांत कापूस भरल्यासारखं.
निष्कर्ष: तांदूळ तळाशी बसतो. वजनाची वाटणी चुकते. पुढच्या वेळी पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या.
बक्कल उजव्या कमरेच्या हाडावर घासलं. रुपयाएवढं सोललंय. ट्रेकरची पहिली निशाणी.
वजन ५१. ट्रेनिंगचा परिणाम दिसतो आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. संध्याकाळी ७
साळा आला होता आंधळगावहून. हेमराज. भला माणूस, पण शुगर झाल्यापासून त्याला दुसरा विषय नाही. नऊ वर्षं झाली. शर्टाच्या खिशात शुगरचं मशीन घेऊन फिरतो, लोक पेन ठेवतात तसं.
मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. तब्येतीत. वर तीन तांबे पाणी. हा समोर बसून मोजत होता. मग मशीन काढून म्हणतो, भाऊजी, बोट द्या, एक थेंब. मी हसलो. शुगर जाड्या लोकांना होते, माझ्या बॅगेचे पट्टे कापायची वेळ आली आहे. सगळे हसतील असं वाटलं. कोणीच हसलं नाही. आई उठून आत गेली.
जाताना मशीन आमच्या फळीवर विसरला. रिताने ते कपाटात ठेवलं. विसरलेली वस्तू इतक्या नीट रुमालात गुंडाळलेली पहिल्यांदा पाहिली. एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवून द्यायचं आहे.

२५ ऑगस्ट. दुपारी १२
ट्रेकचा ऑनलाइन फॉर्म भरला. दिवसाला असे वीस फॉर्म भरतो, दोन मिनिटांचं काम. दम्याचा त्रास: नाही. हृदयविकार: नाही. मधुमेह: नाही. अलीकडे वजनात अकारण घट: नाही. कारण आहे, ट्रेनिंग.
डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडायचं आहे. त्यासोबत रक्ताची तपासणी. ही अट वीरेंद्रसारख्यांसाठी असणार.
कमरेवरचं सोललेलं अजून ओलंच आहे. हळद लावली.

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी ११
मोठा शोध. बायकांच्या मापाच्या बॅगा वेगळ्या येतात. पाठ आखूड, खांदे अरुंद, पट्टा कमरेवर घट्ट बसणारा. परदेशातले बारीक पुरुष गुपचूप याच घेतात, असं एकाने कमेंटमध्ये लिहिलंय. मागवली, आली, बसली. इतकी बसली की मी ती घालून ओसरीवर दोन चकरा मारल्या.
रंग जांभळा. ग्रुपवर फोटो टाकताना "वाईन कलर" लिहिलं. वीरेंद्र म्हणाला, वहिनीची आहे का. फोन खिशात टाकला.
बॅगेचा प्रश्न आजपासून सुटला. लिहून ठेवतो.

३ सप्टेंबर. सकाळी ७
आई चहात साखर घालायला विसरते आहे. चौथा दिवस. सांगितलं तर हो म्हणते, दुसऱ्या दिवशी परत फिका. वय झालं. केंद्रावर गेल्यावर समोरच्या टपरीवर दोन चहा जास्त साखरेचे घेतो, तेव्हा कुठे डोकं चालतं.
तिला एकदा भंडाऱ्याला नेऊन डॉक्टरला दाखवलं पाहिजे. विसराळूपणा वेळेत पकडलेला बरा. माणसं दुखणं अंगावर काढतात आणि मग घरच्यांची धावपळ होते.

९ सप्टेंबर. दुपारी ३
स्क्रीन धूसर दिसते. लॅपटॉप सहा वर्षांचा झाला. एका म्हाताऱ्याच्या पेन्शनच्या अर्जात जन्मसाल १९५८ ऐवजी १९८५ टाकलं. कागदोपत्री तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा झाला. बिचारा दोनदा एकोडीहून सायकल मारत आला. दुरुस्त करून दिलं, पण त्याने जाताना विचारलं, बाबू, तब्येत बरी आहे ना? चूक लॅपटॉपची, चौकशी माझी.
पायाला मुंग्या येतात. नवीन बुटांमुळे. बूट घरी आल्यापासून खोक्यातच आहेत, पण पायाला सवय होण्याआधी असं होत असावं.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १
जांभळी सैल झाली.
रंभाबाईकडे नेली. म्हणालो, लेडीज बॅगेचंही नायलॉन तसलंच निघालं, चार बोटं काप. तिने पट्टा माझ्या कमरेला लावला. ओढला. मधली मोकळी जागा वितीने मोजली. मग दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली, कैची गल्ल्यात टाकली आणि हळू आवाजात म्हणाली,
"भाऊ, दोन खेपा पट्टा कापून देली मी. बॅग नाही मोठी होऊन राहिली. तुमी कमी होऊन राहिले. आता मी कैची नाही चालवत."
मी म्हणालो, तुझं काम शिवायचं आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच सांगून राहिली. माप माझ्या हातात आहे.
बॅग उचलून आलो. आता साकोलीचा टेलर पाहीन. गावात कुणाला काम दिलं की असं होतं.

१६ सप्टेंबर. सकाळी ९
वजन ४६. काटा खराब आहे. दुकानदाराने हट्टाने दहा किलोचं माप ठेवून दाखवलं, बरोबर दहा. मी म्हणालो, दहाला बरोबर दाखवतो म्हणजे सेहेचाळीसलाही बरोबर दाखवेल असं नसतं. त्याने माप उचलून आत ठेवलं.
यापुढे वजन करणार नाही. ट्रेकिंगमध्ये आकड्यापेक्षा मनोबल महत्त्वाचं.

१८ सप्टेंबर. दुपारी २
सर्टिफिकेट मिळालं. कैलाश, कॉलेजचा मित्र, पलीकडच्या गावात दवाखाना टाकून बसलाय. रक्ताची तपासणी नंतर जोडतो म्हणालो. त्याने सही करता करता विचारलं, वजन उतरलं का रे? ट्रेनिंग, म्हणालो. शिक्का मारला. पेशंटची रांग होती, त्याचाही दोष नाही.
अपलोड केलं. आता मी अधिकृतपणे फिट आहे.
परत येताना मोटरसायकल दोनदा बाजूला घेतली. एकदा पाणी प्यायला, एकदा रस्ते दोन दिसत होते म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११
भांडण. लिहायची इच्छा नाही पण शिस्त आहे.
कमरेवरच्या जखमेला पट्टी बांधली होती, ती मी स्वतः बदलतो. आज रिता चादर बदलायला आली तर तिला वास आला. शर्ट वर करायला लावला. तिने पाहिलं आणि पलंगाच्या कडेला बसली. रुपयाएवढी होती ती जखम आता तळहाताएवढी आहे आणि मध्ये काळी पडलीय. स्वस्त बक्कल. प्लॅस्टिकला केमिकल असतं.
रिता म्हणाली, आत्ता साकोलीला चला. मी म्हणालो, बारा-तेरा दिवसांवर ट्रेक आहे, आता दवाखान्यात गेलो तर ते एकास चार लावून सांगतील आणि जाऊ देणार नाहीत. ती म्हणाली, मग नका जाऊ. इतकं सोपं वाटतं तिला.
तेव्हा आई दारात आली.
"तुह्या बापाच्या मोरीत बी अशाच मुंग्या लागत होत्या," म्हणाली. "तवा मी बोलली नाही."
मी तिला आत जायला सांगितलं. आवाज चढला होता माझा. ती गेली नाही. मीच उठून बाहेर गेलो.
संकल्प: बुधवारी पूर्ण वजन घेऊन किल्ला चढायचा, न थांबता. म्हणजे घरात सगळ्यांची तोंडं बंद होतील.

२३ सप्टेंबर. दुपारी
केंद्र बंद ठेवलं. आराम. जेवण जात नाही, उलटी झाली. पोटात दुखतं. काल टपरीवरचं भजं. बॅग भरून तयार: बारा किलो. कमरेला टॉवेल गुंडाळला की पट्टा बरोबर बसतो. हे आधी सुचलं असतं तर किती तरी त्रास वाचला असता.

२४ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ६.४०, किल्ला
अर्ध्यावर. बसून लिहितो आहे. घरी कोणी उठायच्या आत निघालो.
धाप फार. उंचीमुळे.
तोंडाला पिकल्या फळासारखा गोड वास येतो आहे, माझाच. कालपासून काही खाल्लं नाही तरी.
पाणी संपलं. बॅग काढायची आहे, बक्कल सापडत नाही.
खालून रिता येते आहे बहुतेक. दोन जणी दिसताहेत. दोघी रिताच.

१ ऑक्टोबर. सकाळी ८, भंडारा
आज पहिल्यांदा पेन धरता येतंय. सिस्टरने बिलबुकाच्या मागचा कागद दिला. वही घरी आहे, नंतर चिकटवीन.
झालं ते रिताकडून कळलं तसं लिहितो. तिला मी अंथरुणात दिसलो नाही, बॅग दिसली नाही, तशी ती चप्पल न घालता किल्ल्याकडे पळाली. वाटेत रंभाबाई दुकान झाडत होती, तीही मागे निघाली. म्हणजे दोघी होत्या, पण दोघी रिता नव्हत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि पट्ट्यातली चूक समोर नसलेल्या कंपनीच्या इंजिनीअरला समजावून सांगत होतो. रंभाबाईने बॅगेचे खांद्याचे पट्टे कैचीने नाही, हाताने सोडवले. मला एकटी रिता उचलू शकली. हे तिने सांगितलं नाही, रंभाबाईने सांगितलं. लहान लेकरासारखं उचललं, म्हणे.
घरी आईने कपाटातून रुमालातलं मशीन काढून ठेवलं होतं. रिताने बोट टोचलं. आकडा आलाच नाही, इंग्रजीत "हाय" असं आलं. तिला वाटलं मशीन सुरू होताना नमस्कार करतं. हेमराजला फोन लावला. तो ओरडला की तो नमस्कार नाही, आकडा मशीनच्या बाहेर गेला आहे, आहे त्या कपड्यांत गाडीत घाला. साकोलीहून पुढे भंडाऱ्याला पाठवलं. वाटेत मी बोलायचं थांबलो होतो. तीन दिवसांचं मला काहीच आठवत नाही.
डॉक्टरीणबाई तरुण आहेत. शुद्ध आली तेव्हा मी त्यांना बॅगेपासून सुरुवात केली. पट्टा, नायलॉन, बक्कल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बॅगेचं राहू द्या. तहान कधीपासून लागते?"
मी म्हणालो, जुलै.
त्या लिहीत राहिल्या. सांगितलं की शुगर बारीक माणसालाही होते, आणि बारीक माणसाचं उशिरा लक्षात येतं कारण कोणी विचारत नाही. मला सगळ्यांनी विचारलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.
जखम दोनदा साफ केली. हाड वाचलं. इन्सुलिन रोज, कायमचं.

२ ऑक्टोबर. दुपारी
दसरा. रिता आईला आणायला गावी गेली आहे. वॉर्डात एकटा आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो.
मोरीतल्या मुंग्या पाहिल्या त्याच दिवशी मला कळलं होतं. बाबांच्या वेळी मी दहावीत होतो. ते इथेच भंडाऱ्यात, दुसऱ्या एका दवाखान्यात होते. शुगरने आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. मी डबा घेऊन एसटीने येत होतो आणि दर वेळी चादरीखाली पाय किती उरला ते बघत होतो. शेवटी डबा परत घेऊन गेलो. पुंडलिकराव हे बाबांचं नाव काढलं की गावाला त्यांचा आवाज आठवतो. मले ती चादर आठवते.
खडू आणला, रेघ मारली, वहीत साबणाचं नाव लिहिलं. कोणी वाचणार नाही अशा वहीतही खोटं लिहिलं. मले भेव लागत होतं. बस, एवढंच होतं ते.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०
वीरेंद्र आणि बाकीचे निघाले. नागपूर स्टेशनवरून ग्रुपवर फोटो. पाचही जणांच्या पाठीवर बॅगा. वीरेंद्रचा कमरेचा पट्टा पोटावर पुरत नाही, दोन्ही टोकं लोंबताहेत. झूम करून पाहिलं. टाइप केलं की ट्रेकरने बॅग मापाची घ्यावी. मग पुसलं. "जपून जा, एकदा शुगर तपासून घ्या सगळे" असं पाठवलं.
कोणाचं उत्तर नाही. रेंज नसेल. नाही, असेल. रेंज आहे, गाडी अजून नागपुरातच असेल.

८ ऑक्टोबर. संध्याकाळी, घरी
डिस्चार्ज. वजन ४३. काटा दवाखान्याचा आहे, त्यामुळे काही म्हणता येत नाही.
आईच्या पाया पडलो. आवाज चढवला होता त्याबद्दल बोलायचं होतं, जमलं नाही. तिने माझ्या पायाची बोटं एकेक करून हाताने चाचपून पाहिली, दहाही, आणि स्वयंपाकघरात गेली.
रिताने स्वतः सुई टोचायला शिकून घेतलं आहे. मी सुई हातात घेतो आणि परत ठेवतो. उद्यापासून मीच घेईन.

९ ऑक्टोबर
आज इंजेक्शन तिनेच दिलं. उद्यापासून.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.४५
डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय. जखम भरेपर्यंत अंगावर काही बांधायचं नाही, उचलायचं नाही. पण चालताना पाणी, बिस्किटं, साखरेची पुडी, मशीन, अंगावर घ्यायला शाल आणि बसायला सतरंजी बरोबर पाहिजे. एवढं सगळं पिशवीत मावेना. रिताने जांभळी बॅग काढली, त्यात भरलं, पाठीवर घेतली, बक्कल लावलं. व्हिडिओ न पाहता. पट्टा बरोबर कमरेच्या हाडावर बसला, मध्ये दोन बोटांची जागा. खांद्यावर ताण नाही. याहून चांगली बसलेली बॅग मी व्हिडिओतही पाहिली नाही. 
घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत गेलो. पाळीवर धान कापायला जाणाऱ्या बाया बाजूला झाल्या, आम्हाला वाट दिली. त्यांच्यातल्या एकीने रिताला विचारलं, कुठं निघाले? रिता म्हणाली, इथंच.
दोनदा बसलो. एकदा सतरंजी काढली, एकदा काढेपर्यंत थांबता आलं नाही. ती तीस पावलं पुढे जाऊन उभी राहत होती, मागे बघत होती, मी पोचलो की परत निघत होती. व्ह्यू पाहतोय असं मी तिला सांगितलं नाही.
येताना तिचा हात धरला. गावाने पाहिलं असेल.
एकूण अंतर: चारशे वीस पावलं, जाऊन येऊन.
उद्या पाळीच्या पुढे, वीज खात्याच्या लाइनमनच्या घरापर्यंत जायचं ठरवलं आहे. रिताला सांगितलं. ती म्हणाली, बघू.